काट्याचे वजन संगणकावर येत नाही तेव्हा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण धंद्याची रीत दोन्हीकडे एकच राहिली. सागवान घनमीटरने विकले जाते, तेंदूपत्ता पुड्यांनी मोजला जातो. बाकी धान, मोहफूल, कोळसा, भंगार हे सारे काट्यावर चढते. राईस मिल असो, भंगाराचे गोदाम असो की ट्रकचा धर्मकाटा, पावती आता संगणकावरच निघते. काट्यावरचे वजन तारेतून संगणकात उतरते आणि पावतीवर छापले जाते. ही तार ज्या कार्डात बसते ते सिरियल कार्ड बिघडले, किंवा बिघडले असे वाटले, की दिवसभराचा व्यवहार अडतो. त्याविषयी आज लिहीत आहोत.

गेल्या पावसाळ्यात मूल रस्त्यावरील आमच्या ओळखीच्या एका भंगार व्यापाऱ्याने जुना संगणक बदलून नवा घेतला. नव्या संगणकाला मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट नव्हता, म्हणून विकणाऱ्याने वेगळे कार्ड बसवून दिले. नवे टेबल काट्यापासून थोडे लांब गेल्याने जुनी केबल आखूड पडली, तीही बाजारातून नवी आणली. वजन काही आले नाही. ‘भाई, कार्डच खराब निघाले,’ असे सांगून दुसरे कार्ड घातले गेले. तरीही नाही. तिसऱ्या दिवशी काट्याच्या इंडिकेटरवर बोट ठेवले गेले. या चार दिवसांत दुकानातला मुलगा वजन पाहून हाताने टाइप करत होता. एका गाडीचे वजन ८५४० किलो होते, ते घाईत ८४५० पडले. माल आणणारा दुसऱ्या सकाळी चार माणसे घेऊन हजर. ‘शेठ, काट्यावर आम्ही डोळ्यांनी आठ हजार पाचशे चाळीस पाहिले आहे.’ दोघांचा व्यवहार जुना, म्हणून नव्वद किलोंचे पैसे देऊन प्रकरण चहावर मिटले. पण असे प्रकरण दर वेळी चहावर मिटत नाही, आणि एकदा काट्याचे नाव गेले की ते परत मिळवायला वर्षे लागतात.

शेवटी दोष निघाला तो नव्या केबलीत. दोन्ही कार्डे ठणठणीत होती. एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर आला आणि त्याने मीटर लावून दहा मिनिटांत तो शोधला. तो काय करून गेला, हे कोणत्याही दुकानदाराला समजण्यासारखे आहे.

वजन काट्यापासून पडद्यापर्यंत चार टप्प्यांनी येते. इंडिकेटर ते बाहेर पाठवतो, केबल वाहून नेते, कार्ड घेते आणि बिलाचा प्रोग्राम वाचतो. यापैकी कोणत्याही टप्प्यावर अडले तरी पडद्यावर दिसते ते एकच, रिकामी चौकट. म्हणूनच अंदाजाने कार्ड बदलणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. एक टप्पा सुटा करून तपासावा, तो चांगला ठरला की पुढचा धरावा.

आधी हा पोर्ट काय आहे ते थोडक्यात. यात माहिती एकेक करून, ओळीने, एकाच तारेवरून जाते म्हणून त्याला सिरियल म्हणतात. आरएस-२३२ या नावाचे त्याचे मानक अमेरिकेत १९६० साली निघाले. नऊ पिनांचा आजचा आकार आयबीएमच्या १९८४ सालच्या एटी संगणकापासून रूढ झाला. संगणक बनवणाऱ्यांनी तो पुढे मागच्या पाटीवरून काढून टाकला. काटे बनवणाऱ्यांनी मात्र सोडला नाही, कारण तीन तारांत काम होते आणि वर्षानुवर्षे चालते. रेडियम कापणारे बरेच प्लॉटर आणि बिलाचे काही छोटे प्रिंटरही याच पोर्टावर चालतात. म्हणून पुढील माहिती रेडियमचे दुकान चालवणाऱ्या कारागिरांच्याही उपयोगाची आहे.

कार्ड विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. पुष्कळ मदरबोर्डांवर आतमध्ये दोन ओळींत दहा पिनांची जागा असते (एक पिन नसते) आणि शेजारी ‘कॉम’ असे छापलेले असते. म्हणजे पोर्ट बोर्डातच आहे, फक्त बाहेर काढलेला नाही. त्यासाठी पट्टीसह छोटी वायर मिळते आणि तिला कार्डाइतके पैसे पडत नाहीत. मात्र या वायरीची जोडणी दोन तऱ्हांची असते. चुकीची आणली तर पोर्ट दिसतो पण बोलत नाही. वायर घेताना मदरबोर्डाचे नाव सांगून घ्यावी.

आता कार्ड. संगणक बंद करून प्लग काढावा आणि डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावून मगच आत हात घालावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी ठक्क होते. अंगात साठलेली वीज एका स्पर्शाने चिप मारू शकते. कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसले आहे का ते पाहावे. इथे एक चूक वारंवार होते. मागच्या पट्टीचा स्क्रू आवळला की कार्डाचे दुसरे टोक स्लॉटमधून केसभर वर उचलले जाते. बाहेरून सारे ठीक दिसते, कार्ड मात्र कधी लागते, कधी लागत नाही. राईस मिलमध्ये कोंड्याची आणि घुग्घुस-बल्लारपूर भागात कोळशाची धूळ स्लॉटमध्ये बसते. ती ब्रशने काढावी आणि कार्डाचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावेत. पावसाळ्यात बंद राहिलेल्या संगणकाच्या बाबतीत एवढ्यानेच काम झाल्याचे आम्ही पाहिले आहे.

संगणक सुरू करून विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबावे, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे. ‘पोर्ट्स’ या मथळ्याखाली कार्डाचे नाव आणि कंसात कॉम ३ किंवा कॉम ४ असा क्रमांक दिसला पाहिजे. तसे न दिसता ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या खुणेसह ‘पीसीआय सिरियल पोर्ट’ दिसत असेल तर कार्ड जिवंत आहे, फक्त त्याचा ड्रायव्हर घातलेला नाही. आणि काहीच दिसत नसेल तर कार्ड नीट बसलेले नाही, स्लॉट खराब आहे किंवा कार्ड खरेच मेलेले आहे. तेव्हा दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहावे.

ड्रायव्हरची सीडी हरवली, खोक्यावर कंपनीचे नाव नाही, ही रोजची कथा. अशा वेळी पिवळ्या खुणेवर दोनदा टिचकी मारून ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. ‘व्हेन’ या अक्षरांपुढे चार आकडी खूण असते, ती चिप बनवणाऱ्याची. ९७१० असेल तर नेटमॉस-मॉसचिपची, १४१५ असेल तर ऑक्सफर्डची, १सी०० असेल तर डब्ल्यूसीएच या चिनी कंपनीची. त्यामागे ‘डेव्ह’पुढे चिपचा क्रमांक असतो. या दोन खुणांवरून योग्य ड्रायव्हर शोधता येतो. खोक्यावरचे चित्र पाहून शोधू नये. एकाच चित्राच्या खोक्यात दोन वेगळ्या चिपांची कार्डे येतात. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालेलच असे नाही, हेही घेतानाच विचारावे.

क्रमांकाची भानगड वेगळीच. इसा स्लॉटच्या काळात कार्डावरच्या छोट्या जंपरने क्रमांक ठरे. कॉम १ आणि कॉम ३ एकच आयआरक्यू ४ वापरत, कॉम २ आणि कॉम ४ दोघे आयआरक्यू ३, त्यामुळे कॉम १ वर माउस आणि कॉम ३ वर मोडेम लावला की दोघांचे भांडण होई. आजच्या पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस कार्डांत ही कटकट उरलेली नाही, पण दुसरी आली. कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात घातले की विंडोज त्याला नवे समजून नवा क्रमांक देऊ शकते. काल कॉम ३ होते, आज कॉम ५ झाले, आणि बिलाचा प्रोग्राम बिचारा कॉम ३ वरच कान लावून बसलेला! काही जुने प्रोग्राम तर कॉम ४ च्या पलीकडचा क्रमांक ओळखतच नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टाच्या ‘पोर्ट सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन क्रमांक बदलता येतो. हवा तो क्रमांक ‘इन यूज’ दाखवत असेल तर तो बहुधा काढून टाकलेल्या जुन्या कार्डाच्या नावावर अडकलेला असतो. लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय निवडून ते जुने नाव पुसावे.

यानंतरची कसोटी सर्वांत मोलाची, आणि तिला लागते फक्त एक कागदाची टाचणी किंवा तांब्याची बारीक तार. केबल काढून ठेवावी. कार्डाच्या नऊ पिना समोरून पाहाव्यात. पाच पिनांची ओळ वर धरली तर डावीकडून १ ते ५ आणि खालच्या ओळीत ६ ते ९. पिन २ घेण्याची, पिन ३ पाठवण्याची, पिन ५ जमिनीची. २ आणि ३ तारेने एकमेकींना जोडाव्यात. बाजूच्या पिनेला तार लागता कामा नये. मग पुट्टीसारखा मोफत टर्मिनल प्रोग्राम उघडून आपला कॉम क्रमांक द्यावा आणि ‘फ्लो कंट्रोल’ बंद ठेवावा. हायपरटर्मिनल विंडोज एक्सपीपर्यंत सोबत येत असे, पुढच्या विंडोजमध्ये ते राहिले नाही. आता काहीही टाइप करावे. टाइप केलेले अक्षर पिन ३ मधून निघून पिन २ मधून परत येते आणि पडद्यावर उमटते. तार काढली की उमटणे बंद झाले पाहिजे. तार काढूनही उमटत राहिले तर ते प्रोग्राम स्वतःच छापत आहे, कार्डाची परीक्षा झालीच नाही. ‘लोकल एको’ बंद करून पुन्हा करावी.

अक्षर परत आले म्हणजे कार्ड, स्लॉट, ड्रायव्हर आणि क्रमांक चारही निर्दोष. मग कोणी कितीही सांगो, नवे कार्ड घेऊ नये. मूल रस्त्यावर ही कसोटी पहिल्याच दिवशी झाली असती तर दुसऱ्या कार्डाचे पैसे वाचले असते आणि नव्वद किलोंचे भांडणही.

पुढे केबल. सिरियल केबल दोन प्रकारची असते. सरळ केबलीत २ ला २ आणि ३ ला ३ जोडलेली असते. उलट केबलीत २ ला ३ आणि ३ ला २. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, बाजारात तर एकाच खोक्यात पडलेल्या असतात. कोणत्या काट्याला कोणती लागते हे मीटर सांगतो. तो डीसी व्होल्टवर ठेवावा. कार्डाच्या पिन ५ ला काळी आणि पिन ३ ला लाल सुई लावली की, काही पाठवले जात नसताना, उणे ५ ते उणे १२ च्या आसपास दिसते. उणे आकडा पाहून घाबरू नये, आरएस-२३२ ची विश्रांतीची अवस्था उणेच असते. आता केबल इंडिकेटरला लावून तिचे संगणकाकडचे टोक तपासावे. तिथे पिना नसून भोके असतात, म्हणून मोजणी उलट, उजवीकडून १ ते ५. या टोकाच्या २ वर उणे व्होल्ट दिसले पाहिजे. इंडिकेटर सतत वजन पाठवत असेल तर आकडा हलतो, ते ठीक. २ वर शून्य आणि ३ वर व्होल्ट, असे असेल तर केबल दुसऱ्या प्रकारची हवी. भंगारवाल्या बंधूंच्या केबलीत हेच निघाले. कारागिराने एका टोकाच्या दोन तारा उलटसुलट करून डाग दिला आणि वजन आले.

दोन्हींवर शून्य असेल तर तार तुटली आहे किंवा इंडिकेटर पाठवतच नाही. गोदामात उंदीर असतात, आणि केबल जमिनीवरून गेलेली असेल तर गाडीचे चाकही तिच्यावरून गेलेले असते. आरएस-२३२ पंधरा मीटरपर्यंत भरवशाचे. काटा त्याहून लांब असेल तर आरएस-४८५ लागते, ते बाराशे मीटरपर्यंत जाते, पण त्याचे कार्ड किंवा कन्व्हर्टर वेगळा असतो. काही इंडिकेटरांवर हे दोन्ही निकाल वेगवेगळ्या पिनांवर दिलेले असतात, म्हणून त्याचे पुस्तक पाहिल्याशिवाय तारा हलवू नयेत.

वजनाऐवजी कचरा अक्षरे येत असतील तर आनंद मानावा, कारण तार आणि कार्ड दोन्ही चालू आहेत. फक्त वेग जुळलेला नाही. बरेच इंडिकेटर ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट यावर असतात. जुने १२०० किंवा २४०० वर, ७ बिट आणि इव्हन पॅरिटीसह सापडतात. बहुतेक आकडे बरोबर आणि मधलेच एखादे वाकडे येत असेल तर वेग बरोबर आहे, बिट-पॅरिटी चुकलेली आहे. रेडियमचा प्लॉटर निम्मे अक्षर नीट कापून पुढे भरकटत असेल तर ‘फ्लो कंट्रोल’ चुकलेला असतो. संगणक भराभर पाठवतो, प्लॉटरची साठवण भरते आणि ‘थांब’ म्हणायला तारच नसते. अशा यंत्राला तीन तारांची केबल चालत नाही. ७ आणि ८ या पिनाही जोडलेल्या हव्यात.

एक गमतीचा पण छळणारा प्रकार सांगितला पाहिजे. संगणक सुरू होताच पडद्यावरचा बाण स्वतःहून उड्या मारू लागतो, खिडक्या उघडतात, बंद होतात. लोकांना व्हायरसची शंका येते, सारे विंडोज नव्याने घातले जाते आणि बाण पुन्हा उड्या मारतो. कारण साधे आहे. एकेकाळी माउस सिरियल पोर्टावर लागत असे, आणि विंडोज अजूनही सुरू होताना त्या पोर्टावर माउस शोधते. सतत वजन पाठवणारा काटा त्याला माउस वाटतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘माइस’ या मथळ्याखाली ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ असे नाव सापडेल. ते काढून न टाकता ‘डिसेबल’ करावे. काढले तर पुढच्या वेळी पुन्हा उगवते. तोपर्यंत केबल काढून संगणक सुरू करावा आणि मग लावावी.

कार्ड खरोखरच जळते तेव्हा त्यामागे बहुधा अर्थिंग असते. काटा बाहेर उघड्यावर, त्याची अर्थिंग वेगळी. संगणक आत, इन्व्हर्टरवर, बऱ्याचदा दोन पिनांच्या प्लगवर. दोन्हींच्या जमिनीत फरक पडला की तो फरक पिन ५ च्या बारीक तारेतून वाहतो. केबल लावताना ठिणगी दिसली किंवा हाताला झिणझिण्या आल्या तर समजावे की हीच गोष्ट आहे, आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. वर्षात दुसऱ्यांदा कार्ड गेले तर तिसरे घेण्याऐवजी मध्ये आयसोलेटर बसवावा. त्यात संदेश प्रकाशातून जातो, वीज ओलांडत नाही. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की केबल काढून ठेवणे हा याहून स्वस्त उपाय. ‘यूएसबी कन्व्हर्टर घेतला तर चालेल का?’ असे पुष्कळजण विचारतात. चालतो, पण नकली चिपांचे फार आहेत. प्रोलिफिकच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकली चिपा नव्या ड्रायव्हरवर ‘कोड १०’ दाखवून बसतात, आणि २०१४ साली एफटीडीआय कंपनीच्या एका ड्रायव्हरने तर तिच्या नकली चिपा निकामीच केल्या होत्या. रोज शंभर गाड्यांच्या काट्याला आम्ही कार्डच पसंत करू.

हे सारे करताना इंडिकेटरचा डबा मात्र उघडू नये. त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असतो. १ एप्रिल २०११ पासून लागू झालेल्या २००९ च्या कायद्याखाली अशा काट्याची दर वर्षी फेरतपासणी होते. शिक्का तुटलेला सापडला तर ‘केबल बघत होतो’ हे उत्तर चालत नाही. केबल आणि संगणक यांना हात लावण्यात अडचण नाही, कारण खरे वजन इंडिकेटरवरचे, संगणक फक्त त्याची नक्कल उतरवतो. म्हणूनच बिघाडाच्या दिवसांत काटा बंद ठेवण्याचीही गरज नाही. दुहेरी कार्बनचे पावतीबुक ठेवावे, वजन इंडिकेटरवरून मोठ्याने वाचून माल आणणाऱ्याच्या समोर लिहावे, त्याची सही किंवा अंगठा घ्यावा आणि एक प्रत त्याला द्यावी. संगणकात संध्याकाळी त्या बुकावरून सावकाश भरावे.

एवढे करूनही जमले नाही आणि नागपूरहून माणूस बोलवायचा झाला, तर चंद्रपूरपर्यंतच दीडशे किलोमीटर पडतात; अहेरी-सिरोंचाकडच्या बंधूंचा तर येण्याजाण्यात दिवस जातो. तेव्हा फोनवरच त्याला सांगावे: कॉम क्रमांक कोणता दिसतो, टाचणीची कसोटी लागली की नाही, केबलीच्या २ आणि ३ वर किती व्होल्ट आले, आणि इंडिकेटरवर वेग कोणता लावलेला आहे. ‘वजन येत नाही’ एवढेच सांगितले तर तो सवयीने पिशवीत नवे कार्ड घालून निघेल.